आयल रॉयलवर पाच रात्री: गळ, तंबू आणि बोटीचं वेळापत्रक

बडोद्याच्या एका गृहस्थांचा प्रश्न आहे. वय छप्पन्न, बीपीची गोळी चालू, नर्मदेकाठी गळ टाकून बसण्याची जुनी आवड. लेक-जावई मिनियापोलिसला असतात. पुढच्या ऑगस्टमध्ये ते स्वतः, जावई, मेहुणे आणि मेहुण्यांचा कॉलेजात शिकणारा मुलगा अशा चौघांनी अमेरिका-कॅनडा सीमेवरच्या लेक सुपीरियर या सरोवरातल्या आयल रॉयल बेटावर पाच रात्री तंबूत राहायचं आणि मासे पकडायचे, असा बेत आहे. मासे मिळतील का, परवाना कुठला, लांडगे आणि अस्वलं किती, खायला काय न्यायचं आणि इथून कोणतं सामान न्यावं, असं त्यांनी विचारलंय. मेहुणे शुद्ध शाकाहारी आहेत हेही कळवलंय.

मी नोकरीनिमित्त काही वर्षं मिनेसोटातल्या डुलुथला होतो. तिथल्या मित्रांबरोबर या बेटावर जाऊ लागलो आणि बडोद्याला परत आल्यावरही इकडच्या मंडळींना घेऊन जात असतो. तुमच्या यादीत बोटीचा प्रश्नच नाही, म्हणून सुरुवात तिथूनच करतो. आयल रॉयलवर जंगल कठीण नाही, वाटा चांगल्या आखलेल्या आहेत. कठीण आहे ते मनात आलं म्हणून तिथून निघता न येणं. पुलाचा संबंध नाही, गाडी नाही, डॉक्टर नाही, मोबाइलची रेंज धरून चालायची नाही. बाकी सगळी तयारी या एका गोष्टीवरून ठरते.

बेट साधारण ७२ किलोमीटर लांब आणि १४ किलोमीटर रुंद. कागदोपत्री मिशिगन राज्याचं, पण मिनेसोटा आणि कॅनडाचा किनारा त्याला जास्त जवळ. १९४० साली त्याचं राष्ट्रीय उद्यान झालं. १६ एप्रिल ते ३१ ऑक्टोबर एवढेच दिवस उघडं असतं, थंडीत पूर्ण बंद. मिशिगनच्या हॉटनहून उद्यानाची स्वतःची रेंजर थ्री ही बोट सुटते, तिला सहाएक तास लागतात. कॉपर हार्बरहूनही एक बोट आहे. तुम्ही मिनियापोलिसहून येणार, तेव्हा तुमच्या सोयीचं ठिकाण मिनेसोटातलं ग्रँड पोर्टेज. गाडीने साधारण पावणेपाचशे किलोमीटर. एका दमात करू नका, आदल्या रात्री तिथेच आसपास मुक्काम करा, कारण बोट सकाळी लवकर सुटते.

तिथली व्हॉयेजर टू ही बोट आधी बेटाच्या पश्चिम टोकाला विंडिगोला लागते आणि मग बेटाला वळसा घालत पूर्वेच्या रॉक हार्बरला जाते. आधी नोंदवून ठेवलंत तर वाटेतल्या काही धक्क्यांवर उतरवते आणि उचलतेही. विंडिगोच्या खाडीत शिरताना डेकवर या. १९२८ मध्ये खडकावर आपटून बुडालेल्या 'अमेरिका' जहाजाची नाळ, म्हणजे पुढचं टोक, पाण्याच्या अगदी थोडी खाली आहे. पाणी नितळ असलं तर बोटीतून स्पष्ट दिसते.

घड्याळाची एक गोम आहे. ग्रँड पोर्टेज सेंट्रल वेळेवर चालतं, बेट ईस्टर्न वेळेवर, म्हणजे तासभर पुढे. परतीच्या दिवशी 'बोट किती वाजता' असं नुसतं विचारू नका, कोणत्या वेळेने तेही विचारा. फोन कोणता टॉवर पकडेल याचा नेम नाही, म्हणून हातात साधं घड्याळ ठेवा आणि बेटावर उतरल्या उतरल्या ते लावून घ्या.

वारा-धुक्यामुळे बोटी उशिरा निघतात, कधी रद्द होतात. छोटी सीप्लेनही आहेत, पण धुक्यात त्यांचं तर आणखीच अवघड, शिवाय त्यांच्यात स्टोव्हचं इंधन नेता येत नाही. म्हणून परतीची बोट आणि भारतात येणारं विमान यांच्यात निदान दोन दिवस मोकळे ठेवा. जेवणही एका दिवसाचं जास्त न्या आणि बीपीच्या गोळ्या आठवड्याच्या जास्त. गोळ्या दोन पिशव्यांत वाटा, एक तुमच्याकडे, एक जावयांकडे. प्रवास विम्यात जखमी माणसाला उचलून आणण्याचा खर्च धरला आहे ना, ते कलम स्वतः वाचून घ्या. एजंटच्या 'हो साहेब, सगळं कव्हर आहे'वर जाऊ नका.

आता मासे. खरं सांगायचं तर ऑगस्ट हा तिथला मासेमारीचा सर्वोत्तम महिना नाही. लेक ट्राउट हा सुपीरियरचा मानाचा मासा. जूनमध्ये पाणी गार असताना तो काठाजवळ येतो, ऑगस्टमध्ये खोल जातो. काठावरून गळ टाकून तो मिळवायचा म्हणजे नशिबाची गोष्ट. त्यासाठी नाव हवी, आणि भाड्याच्या कनूतून (वल्ह्याच्या अरुंद होडीतून) सुपीरियरच्या उघड्या पाण्यात जाण्याचा विचारसुद्धा करू नका. वारा पाहता पाहता फिरतो, आणि पाणी भर उन्हाळ्यातही इतकं गार असतं की पडलेल्या माणसाचे हातपाय काही मिनिटांत काम करेनासे होतात. पोहता येतं की नाही याने तिथे फारसा फरक पडत नाही. कनू घ्यायचीच तर बंदिस्त खाडीत किंवा आतल्या तळ्यात, आणि लाइफ जॅकेट अंगात घालून, ढुंगणाखाली घेऊन नव्हे.

मग जून का नाही? कारण जून-जुलैत डास आणि काळ्या माश्या जीव नकोसा करतात. ऑगस्टच्या मध्यानंतर त्या बऱ्याच ओसरतात, झुडपांना ब्लूबेरी लागलेली असते, दिवसाची हवा गार आणि सुखाची. पहिल्यांदा जाणाऱ्याला मी ऑगस्टचा उत्तरार्धच सांगतो. मासा थोडा कमी मिळाला तरी चालेल, माणसं वैतागून परत यायला नकोत.

ऑगस्टमध्ये तुमचा मासा म्हणजे नॉर्दर्न पाईक, आणि तो बेटाच्या आतल्या तळ्यांत मिळतो. माझा सल्ला असा की रोज तंबू उचलून पुढे जाण्यापेक्षा एका ठिकाणी तळ ठोका. रॉक हार्बरहून अकराएक किलोमीटरवर डेझी फार्म लागतं, तिथून पुढे सहाएक किलोमीटरवर मॉस्की बेसिन. पहिली रात्र डेझी फार्मला, मग तीन रात्री मॉस्कीला, शेवटची परत डेझी फार्मला. सामान पाठीवर घेऊन सबंध अंतर एका दिवसात तोडायला जाऊ नका. मॉस्कीहून लेक रिची हे तळं चालत जाऊन-येऊन होण्याइतकं जवळ आहे, तिथे पाईक आहे. तळावर लाकडी आडोसे असतात, तीन बाजूंनी भिंती आणि समोर जाळी. जो आधी पोहोचेल त्याचे. सहा माणसांपर्यंतच्या गटाला जागा आधी राखता येत नाही, म्हणून आडोसा मिळेल असं धरून तंबू घरी ठेवू नका.

परवान्याचं असं आहे: बेटाच्या आतल्या तळ्यांत आणि ओढ्यांत मासेमारीला परवाना लागत नाही. सुपीरियरच्या पाण्यात, म्हणजे बेटाभोवतीच्या खाड्या आणि बंदरंसुद्धा त्यातच आली, मिशिगनचा परवाना हवा. जावयांकडे मिनेसोटाचा असेल तर तो इथे चालत नाही. मॉस्की बेसिन ही सुपीरियरचीच खाडी आहे, तेव्हा संध्याकाळी तळासमोर बसून गळ टाकायचा मोह होणारच. एक-दोन दिवसांचा मिशिगन परवाना ऑनलाइन काढा आणि छापून बरोबर ठेवा. सतरा वर्षं किंवा त्यावरच्या प्रत्येकाचा वेगळा.

तुम्ही नर्मदेवरचे, म्हणजे कणकेच्या गोळ्या आणि गांडूळ. आतल्या तळ्यांत दोन्ही बंद. फक्त कृत्रिम आमिष चालतं, आणि गळाला उलटा काटा नको. नवे गळ शोधत बसू नका, आहेत त्यांचा उलटा काटा बारीक पकडीने दाबून सपाट करा आणि सुती कापडावरून गळ ओढून बघा. धागा अडकला तर अजून दाबायला हवा. ब्रूक ट्राउट लागला तर तो कुठल्याही पाण्यातला असो, सोडून द्यायचा. बाकी कोणता मासा किती मोठा, किती ठेवता येतो याचा तक्ता रेंजरकडे, म्हणजे उद्यानाच्या रक्षकाकडे, मिळतो, उतरल्यावर मागून घ्या.

पाईक हा दबा धरून बसणारा मासा. खोल पाण्यात त्याला हुडकू नका. जिथे पाणवनस्पतींचा पट्टा संपतो आणि पाणी काळं होतं, त्या कडेला समांतर फेका. चमच्यासारखी लाल-पांढरी पत्र्याची लूर, म्हणजे कृत्रिम आमिष, पुरते, दहा तऱ्हेची खेळणी न्यायची गरज नाही. रीळ सावकाश फिरवा, मध्येच क्षणभर थांबा म्हणजे पत्रा डगमगत खाली बसतो, पुन्हा ओढा. लूर काठापासून दोन हातांवर आली की बहुतेक लोक उचलून घेतात आणि तिथेच मासा घालवतात. पाईक मागे मागे येतो आणि अगदी तुमच्या पायाशी झडप घालतो. दोरीच्या टोकाला लूरच्या आधी वीतभर तारेचा तुकडा (लीडर) हवाच, नाहीतर त्याचे दात नायलॉन कापून लूरसकट पसार होतात. गळ काढताना बोटं तोंडात घालायची नाहीत. लांब नाकाची पक्कड घ्या, मासा ओल्या हाताने कल्ल्याच्या झाकणामागे धरा, पकडीने गळाची दांडी पकडून उलटी फिरवा. उलटा काटा नसल्याने तो लगेच सुटतो. नियम कटकटीचा वाटतो, पण सुटका माशाची आणि तुमच्या बोटांची, दोघांची होते.

सगळ्यात मोठा पाईक फोटो काढून सोडून द्या. मोठ्या, वयस्क माशात पारा जास्त साठतो आणि चवही बेताची. मधल्या आकाराचा खायला घ्या. त्याच्या पाठीच्या मांसात दुभंगलेल्या काट्यांची एक ओळ असते, तिला तिथले लोक घाबरतात. भरूचचा पाला (हिलसा मासा) काटे निवडून खाल्लेल्या माणसाने घाबरायचं काही कारण नाही. तिखट, मीठ, हळद आणि रवा घरूनच एका डबीत कालवून न्या, तव्यावर जेमतेम तेलात होतो. लिंबू ताजं नेऊ नका, अमेरिकेत उतरताना फळं अडतात. आमचूर चालेल.

माशाची घाण हा तिथला गंभीर विषय आहे. डोकं, आतडी तळाजवळ टाकायची नाहीत. लहान तुकडे करायचे, हवेची पिशवी सुरीने फोडायची आणि धक्क्यापासून लांब, खोल पाण्यात सोडायचं. पिशवी फोडली नाही तर सगळं तरंगत काठाला परत येतं. शिवाय सुपीरियरमध्ये वापरलेली दोरी आणि लूर धुवून, पूर्ण वाळवल्याशिवाय आतल्या तळ्यात टाकू नका. सुपीरियरमध्ये काटेरी पाणपिसू नावाचा बाहेरून आलेला बारीक जीव आहे. दोरीवर ओल्या कापसाच्या गुठळीसारखा गोळा झालेला दिसतो. दोरीवरून तो आतल्या तळ्यात गेला की मग कायमचाच.

लांडगे-अस्वलांबद्दल. अस्वलं बेटावर नाहीत. लांडगे आहेत. चाळिसाच्या दशकाच्या अखेरीस ते गोठलेल्या सरोवरावरून चालत बेटावर आले, आणि १९५८ पासून तिथल्या लांडगे आणि मूस (एक प्रचंड हरीण) यांचा सलग अभ्यास चालू आहे. नंतर त्यांची संख्या घसरत दोनवर आली, तेव्हा २०१८-१९ मध्ये बाहेरून १९ लांडगे आणून सोडले. तुम्हाला दिसला तर भाग्य समजा. धोका त्याच्या दातांचा नाही, विष्ठेचा आहे. लांडगे आणि मूस यांच्यात फिरणाऱ्या एका फीतकृमीची अंडी पाण्यात असू शकतात. क्लोरीनच्या गोळ्या आणि अतिनील दिव्याचे पेन यांनी ती मरत नाहीत. पाणी खळखळून निदान मिनिटभर उकळा किंवा ०.४ मायक्रॉन वा त्याहून बारीक गाळणीतून गाळा. इथे ट्रेकला नेतो त्या गोळ्यांवर भिस्त ठेवून जाणारे बडोदेकर मी पाहिलेत. तिथे ती सवय उपयोगाची नाही.

आणखी एक. उन्हाळ्याच्या अखेरीस आतल्या काही तळ्यांत निळसर-हिरवं शेवाळ धरतं. त्याचं विष गाळून किंवा उकळून जात नाही. कोणत्या तळ्याला सूचना लावली आहे ते रेंजरला विचारा आणि पाणी शक्यतो सुपीरियरचंच भरा. मॉस्कीला तळ ठोका म्हणतो त्याचं हेही एक कारण.

जपायचं ते मूसला. घोड्याहून उंच प्राणी, दिसायला गरीब, पण पिल्लाबरोबरची मादी किंवा सप्टेंबरातला माजावरचा नर अंगावर आला तर झाडाआड जाण्याखेरीज उपाय नाही. वाटेवर उभा असेल तर त्याला वाट द्या, मग अर्धा तास लागला तरी. आणि कोल्हे! कोल्हे बूट पळवतात. रात्री तंबूबाहेर ठेवलेला एकच बूट नाहीसा झाला की उरलेले दिवस चपलेवर काढायचे. खाण्याच्या पिशव्या, माशाचा वास लागलेली भांडी, फडकं हे सगळं झाडाला टांगा किंवा तळावर पेटी असेल तर तिच्यात बंद करा, तंबूत घेऊन झोपू नका.

जेवण माशांवर अवलंबून ठेवू नका. मासा मिळाला तर वरकड, असा हिशोब करा. म्हणजे मेहुण्यांचा प्रश्नही आपोआप सुटतो, त्यांना फक्त स्वतंत्र तवा आणि उलथनं द्या आणि ते कोणत्या पिशवीत आहे हे सगळ्यांना सांगून ठेवा. बडोद्याच्या माणसाचं या बाबतीत फारच सोपं आहे. खाखरे हे तंबूतलं आदर्श खाणं, हलके, टिकाऊ, चुरा झाला तरी पोटातच जायचा. ठेपले पहिले तीन दिवस संपवा. त्यापुढे मूगडाळीच्या खिचडीच्या मोजून बांधलेल्या पुड्या, भाजणी, मेतकूट, भाजके पोहे, गूळ-दाणे. माणशी दिवसाला पाऊण किलो कोरडा जिन्नस धरा. थंडीत आणि चालून भूक इथल्यापेक्षा दुप्पट लागते. अमेरिकेत उतरताना खाद्यपदार्थ आहेत असं सरळ सांगा. कोरडे भाजलेले पदार्थ सहसा अडत नाहीत, लपवलेले अडतात.

स्टोव्ह हवाच. शेकोटीला फार थोड्या तळांवर परवानगी आहे, तीही ठरावीक कड्यातच. गॅसचे डबे विमानात चालत नाहीत, ते मिनेसोटात घ्या. विंडिगो आणि रॉक हार्बरच्या दुकानांतही इंधन मिळतं.

कपड्यांत एकच नियम पाळा: सुती काही नको. जीन्स आणि सुती बनियन एकदा भिजले की त्या हवेत वाळत नाहीत आणि अंगातली ऊब खेचून घेतात. लोकरीचा किंवा सिंथेटिकचा आतला थर, त्यावर फ्लीस, वरून रेनकोट आणि पावसाची पॅन्ट, कानटोपी. रात्री पारा सात-आठ अंशांपर्यंत उतरतो, स्लीपिंग बॅग त्या हिशोबाची हवी. ती बडोद्यात विकत घेऊ नका, मिनियापोलिसला भाड्याने मिळते. तंबू मात्र इथलाच न्यायचा असेल तर जुलैच्या पावसात गच्चीवर लावून एक रात्र त्यात झोपून पाहा. शिवण गळते की नाही ते लगेच कळेल. बूटही नवे नकोत. तेच बूट घालून, पाठीवर बारा-पंधरा किलो घेऊन पावागढ माचीपासून वर चढा आणि उतरा. उतरताना गुडघे काय म्हणतात ते ऐका. तुमच्या वयाला ही परीक्षा ट्रेडमिलच्या तासापेक्षा खरी. चाकांच्या बॅगा आणू नका, वाटांवर चाकाचं काही चालवायला बंदी आहे.

संकटात निरोप धाडायला सॅटेलाइट मेसेंजर घ्या, पण तो तिथेच भाड्याने घ्या आणि तिथेच परत करा. जावयांनी हौसेने भेट दिला तरी भारतात आणू नका. इथे परवान्याशिवाय असं यंत्र बाळगणं बेकायदा आहे. गार्मिनचं इनरीच हे असंच यंत्र बॅगेत सापडलं म्हणून विमानतळावर अडकलेल्या परदेशी पर्यटकांच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील.

तुमचा रॉड? दोन-तीन तुकड्यांचा, मध्यम ताकदीचा स्पिनिंग रॉड असेल तर आणा. मोठ्या माशांसाठीचा जाड रॉड घरीच राहू द्या. गळ आणि सुरी चेक-इन सामानात.

आता कामाचा क्रम. ऑगस्टच्या बोटी लवकर भरतात, म्हणून नोंदणी सुरू झाली की चार जागा आधी त्या पकडा, परतीच्या जागेसकट. ती तारीख हातात आल्यावर विमानाचं तिकीट. उद्यानाचं शुल्क माणशी दिवसाला ७ डॉलर आहे, ते मागाहून भरलं तरी चालतं. व्हिसा अजून काढायचा असेल तर तो मात्र बोटीच्याही आधी. मुलाखतीची तारीख मिळायलाच महिने जातात. कॉलेजातल्या भाच्याच्या परीक्षा ऑगस्टमध्ये नाहीत ना, तेही मेहुण्यांना एकदा विचारून घ्या.